परवान्याची बंदूक आणि रात्रीची बाटली

१. प्रश्न कोण विचारतो

अकोला जिल्ह्यातल्या तेल्हाऱ्याच्या उत्तरेला सातपुडा आहे आणि दक्षिणेला पूर्णेचा खारपाणपट्टा. मधल्या काळ्या जमिनीत कापूस, तूर, सोयाबीन आणि हरभरा पिकतो. डोंगराच्या बाजूला वान, नरनाळा आणि अंबाबरवा ही अभयारण्यं आहेत. ती तिन्ही मेळघाट व्याघ्र प्रकल्पात येतात, पण तिथल्या जनावरांना प्रकल्पाची हद्द ठाऊक नसते. रोह्यांचा कळप घाट्यावर आलेल्या हरभऱ्यात शिरला की सकाळी शेतमालकाला हंगाम गेल्याचं दिसतं. रानडुकरं तर खातात त्यापेक्षा जास्त उकरून ठेवतात. म्हणून थंडीत माणसं जागलीला जातात आणि त्यांतल्या काहींजवळ पीकसंरक्षणाच्या परवान्याची बंदूक असते, कुणाची ठासणीची, कुणाची बारा बोरची.

परवानाधारकांचा दुसरा वर्ग गावात आणि शहरात राहतो. रोकड घेऊन फिरणारा व्यापारी, कंत्राटदार, पेट्रोल पंपाचा मालक, एखादा पुढारी. यांच्या कंबरेला .३२ बोरचं पिस्तूल किंवा रिव्हॉल्वर असतं, शर्टाखाली झाकलेलं.

दोघांचा प्रश्न एकच असतो. ‘‘लायसन हाय, बंदूक आपल्या नावावर हाय. घेतली तं एखादी क्वार्टर घेतो. त्यात बिघडते काय?’’

विचारणारा माणूस बहुतेक वेळा गुन्हेगार नसतो, दारुडाही नसतो. त्याची पोलीस पडताळणी झालेली असते, डॉक्टरचा दाखला त्याने जोडलेला असतो, आणि आपण कायद्याने वागतो याचा त्याला अभिमान असतो. म्हणून त्याला उपदेश न करता सरळ उत्तर दिलं पाहिजे. गाडगेबाबा आणि तुकडोजी महाराज दोघेही याच भागातले. दारू सोडा, हे त्यांनी गावोगाव सांगितलं आणि ते आजही खरं आहे. या प्रकरणाचा विषय मात्र त्याहून लहान आहे. जो पितो आणि ज्याच्याकडे शस्त्रही आहे, त्याने काय करावं?

शस्त्र जवळ असताना जबाबदारीने पिण्याचं प्रमाण शून्य आहे. हा आकडा कुठून आला, ते पुढे पाहू.

२. दोन परवाने

बंदुकीला परवाना लागतो हे सगळ्यांना माहीत असतं. महाराष्ट्रात दारू पिण्यासाठीही परवाना लागतो, हे फार थोडे लक्षात ठेवतात. १९४९ चा दारूबंदी कायदा राज्यात अजून लागू आहे आणि त्याखाली राज्य उत्पादन शुल्क विभाग पिण्याचा परवाना देतो: एका दिवसाचा, वर्षाचा किंवा आजन्म. वर्धा जिल्ह्यात आणि १९९३ पासून गडचिरोलीत पूर्ण दारूबंदी आहे. अकोल्यात नाही. इथे व्हिस्की, रम, ब्रँडी पिण्यासाठी वयाची २५ वर्षं पूर्ण असावी लागतात.

शस्त्र परवान्यासाठी मात्र २१ वर्षं पुरतात. म्हणजे २२ वर्षांच्या तरुणाच्या हाती कायदा बंदूक देऊ शकतो, पण रमचा पेग देऊ शकत नाही. हे दोन कायदे करणारे कधी एकत्र बसले नाहीत, असं मला वाटतं, आणि आपला प्रश्न नेमका या दोन कायद्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत पडला आहे.

अकोला जिल्ह्यात शस्त्राचा परवाना जिल्हाधिकारी देतात, जिल्हादंडाधिकारी या नात्याने. अमरावती शहरात पोलीस आयुक्तालय असल्यामुळे तिथे तो अधिकार आयुक्तांचा. मूळ कायदा १९५९ चा शस्त्र अधिनियम. खऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख त्यात स्वतंत्रपणे केलेला आहे. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला जास्तीत जास्त दोनच शस्त्रं ठेवता येतात आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षं झाली.

आता दारूबद्दल हा कायदा काय म्हणतो? गाडी चालवणाऱ्यासाठी मोटार वाहन कायद्यात स्पष्ट आकडा आहे: १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल. त्याच्या वर गेलात तर पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. शस्त्र अधिनियमात असा आकडा नाही. तो नाही म्हणून मोकळीक आहे, असा अर्थ काही जण काढतात. तो चुकीचा आहे.

२०१६ च्या शस्त्र नियमांनुसार सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल होल्स्टरमध्ये किंवा त्यासाठी केलेल्या पिशवीत, पूर्ण झाकलेलं असावं लागतं. आपल्याकडे शस्त्र झाकून नेणं ही सवलत नाही, तीच सक्ती आहे. त्याच नियमात आणखी एक अट आहे. शस्त्र नेणाऱ्याचं त्यावर परिणामकारक नियंत्रण राहिलं पाहिजे. ज्याचा स्वतःच्या जिभेवर ताबा उरलेला नाही, तो कंबरेच्या पिस्तुलावर परिणामकारक नियंत्रण आहे असं न्यायालयाला कसं पटवणार? परवान्याच्या अटींत हेही असतं की शस्त्र जत्रेत, धार्मिक मिरवणुकीत किंवा सार्वजनिक जमावात नेऊ नये. अट मोडली तर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते आणि सार्वजनिक शांततेला धोका दिसला तर परवाना निलंबित किंवा रद्द होऊ शकतो. २०२५ च्या सुरुवातीला बीड जिल्ह्यात प्रशासनाने परवान्यांची छाननी करून अनेक परवाने रद्द केले, ते याच अधिकाराने.

३. क्वार्टरचा हिशेब

‘एखादी क्वार्टर’ म्हणजे नेमकं किती, ते कागदावर मांडू.

क्वार्टर १८० मिलिलिटरची. लेबलवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. म्हणजे तिच्यात शुद्ध अल्कोहोल सुमारे ७७ मिलिलिटर. अल्कोहोल पाण्याहून हलकं, म्हणून वजनाने ते भरतं साधारण ६१ ग्रॅम. पिणारा ६५ किलोचा पुरुष आहे असं धरू. अल्कोहोल शरीरातल्या पाण्याच्या भागात पसरतं, चरबीत आणि हाडांत फारसं जात नाही. म्हणून हिशेबाला त्याचं सगळं वजन न धरता सुमारे ४४ किलोच धरायचे. ६१ ला ४४ ने भागलं की किलोमागे १.४ ग्रॅमच्या आसपास येतं. रक्ताच्या भाषेत हे १०० मिलिलिटरमागे जवळजवळ १४० मिलिग्रॅम. गाडीच्या मर्यादेच्या साडेचार पट.

एक ६० मिलिलिटरचा पेगसुद्धा त्याच माणसाला उपाशीपोटी ४५ मिलिग्रॅमपर्यंत नेऊ शकतो. आठ टक्क्यांची स्ट्राँग बिअरची ६५० मिलिलिटरची बाटली म्हणजे असे दोन पेग. ‘मी फक्त बिअर घेतो’ या वाक्याचा अर्थ त्यामुळे बाटलीवरचा आकडा वाचल्याशिवाय लागत नाही. हातभट्टीच्या दारूवर लेबलच नसतं, म्हणून तिचा हिशेब कुणालाच मांडता येत नाही.

चढलेली दारू उतरते केव्हा, हा पुढचा भाग. तो समजायला कापसाच्या हंगामातलं जिनिंग डोळ्यांसमोर आणा. फाटकाबाहेर दहा गाड्या उभ्या असोत की शंभर, आतली यंत्रं तासाला ठरलेल्याच कापसाची सरकी काढतात. गाडीवाल्याने हाका मारल्या, चहा पाजला किंवा रात्रभर रांगेत हॉर्न वाजवला, तरी यंत्राचा वेग वाढत नाही. यकृताचंही तसंच आहे. १०० मिलिलिटरमागे तासाला साधारण १५ मिलिग्रॅम एवढंच ते रक्तातून काढतं. ताक, लिंबू, काळी कॉफी किंवा थंड पाण्याची आंघोळ याने माणूस जागा होतो, पण रक्तातला आकडा तसाच राहतो.

म्हणजे १४० मिलिग्रॅम उतरायला नऊ तासांहून थोडा जास्तच वेळ लागतो. रात्री आठला बसलेल्या माणसाचं रक्त पहाटे पाच-साडेपाचला साफ होईल. हे सरासरी माणसाचं झालं. काहींच्या यकृताचा वेग तासाला १० मिलिग्रॅमच असतो. त्यांना चौदा तास लागतील, म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळचे दहा. रात्री पिऊन झोपलेला आणि सकाळी सातला पिस्तूल कंबरेला लावून बँकेत निघालेला माणूस आपण शुद्धीत आहोत असं मनापासून मानतो. त्याचं रक्त वेगळं सांगत असू शकतं.

आता नेहमी ऐकू येणारं उत्तर: ‘‘मले काई चढत नाई.’’ रोज पिणाऱ्याला खरोखर कमी जाणवतं, यात खोटं नाही. त्याचा मेंदू त्या अवस्थेत चालायला, बोलायला शिकलेला असतो. पण रक्तातला आकडा नवख्यापेक्षा फारसा कमी नसतो. अचानक काही घडलं तर लागणारी झटपट पारख आणि हाताचा नेमकेपणा सवयीने पूर्ण परत येत नाही. ज्याला चढत नाही तो जास्त पितो आणि त्याच्यावर कुणाला संशयही येत नाही. मला अशाच माणसाची जास्त काळजी वाटते.

४. हात थरथरण्याच्या आधी

दारूने आधी हात थरथरतात आणि मग नेम चुकतो, अशी समजूत आहे. खरा क्रम उलटा आहे. पहिल्या पेगमध्ये हात स्थिर असतो, पाय स्थिर असतात, बोलणं नीट असतं. बिघडायला लागते ती पारख. कपाळामागचा मेंदूचा जो भाग ‘थांब, आधी बघ’ असं सांगतो, त्याचा आवाज सगळ्यांत आधी बसतो.

१९९० मध्ये क्लॉड स्टील आणि रॉबर्ट जोसेफ्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी याची एक मांडणी केली. प्यायलेल्या माणसाचं लक्ष आकसतं, समोर जे ठळक आहे तेवढंच त्याला दिसतं, दूरचं आणि बारीक ते गळून पडतं. ठळक काय असतं? समोरच्याने दिलेली शिवी. हलणारं झुडूप. गळून काय पडतं? हा आपल्या मामाचा मुलगा आहे, झुडपापलीकडे शेजाऱ्याचं मचाण आहे, उद्या पोलीस ठाणं आहे. शिवीही कानावर येते आणि नातंही आठवतं, म्हणून शुद्धीतला माणूस शिवी गिळतो. प्यायलेल्याला फक्त शिवी ऐकू येते.

यात सर्वांत धोकादायक गोष्ट म्हणजे आपली पारख बिघडली आहे हे ओळखायलाही पारखच लागते. ‘मी थोडा पितो, जास्त झालं तर बंदूक बाजूला ठेवेन’ असं ठरवणारा माणूस हा निर्णय पुढच्या अशा माणसावर सोपवतो, जो तो घेऊ शकणार नाही. म्हणून मर्यादा दोन पेगवर किंवा एका पेगवर ठरवून उपयोग नाही. निर्णय पहिल्या घोटाच्या आधी व्हायला हवा, डोकं पूर्ण आपलं असताना.

डोळ्यांचंही सांगतो, कारण जागलीला ते महत्त्वाचं आहे. अल्कोहोलने अंधारातल्या छटा ओळखण्याची ताकद कमी होते. बॅटरीचा झोत डोळ्यांवर आला तर त्यातून सावरायला जास्त वेळ लागतो. हलत्या वस्तूवर नजर खिळवणं अवघड जातं. आणि थंडीसाठी दोन घोट घेणाऱ्यांना ठाऊक असावं की दारूने कातडीखालच्या रक्तवाहिन्या फुगतात, ऊब वाटते, पण तीच ऊब शरीरातून बाहेर पडत असते. पौषातल्या रात्री शेतात दारू पिऊन बसलेला माणूस शेकोटीशेजारी बसलेल्या न पिणाऱ्यापेक्षा लवकर गारठतो.

५. लग्नातली जागा

भारतात या विषयावर नेहमी उद्धृत होणारा निकाल लग्नातल्या एका पंगतीचा आहे. बासदेव विरुद्ध पेप्सू राज्य, सर्वोच्च न्यायालय, १९५६. पेप्सू म्हणजे पतियाळा आणि पूर्व पंजाबातल्या संस्थानांचं तेव्हाचं राज्य.

बासदेव हा सैन्यातून निवृत्त झालेला जमादार. तो आणि गावातले काही जण दुसऱ्या गावी लग्नाला गेले होते. बासदेव प्यायलेला होता. दुपारच्या जेवणाला मंडळी जमली, जागा धरू लागली. बासदेवला सोयीची वाटली तिथे पंधरा-सोळा वर्षांचा एक मुलगा होता. बासदेवने त्याला थोडं सरकायला सांगितलं. मुलगा सरकला नाही. बासदेवने पिस्तूल काढलं आणि त्याच्या पोटात गोळी घातली. मुलगा मेला.

दोघांत वैर नव्हतं. जमिनीचा वाद नव्हता, पैशाचा नव्हता. पंगतीतल्या एका जागेवरून एक पोर गेलं. वऱ्हाडातल्या कुठल्याही लग्नात जेवणाच्या वेळी अशी सरकासरकी दहा वेळा होते आणि कुणाच्या लक्षातही राहत नाही. त्या दिवशी ती राहिली, कारण एकाच माणसाजवळ दारूही होती आणि पिस्तूलही.

बचाव असा होता की तो इतका प्यायलेला होता की ठार मारण्याचा हेतू त्याच्या मनात तयारच होऊ शकत नव्हता, म्हणून हा खून धरू नये. न्यायालयाने पुरावा बारकाईने पाहिला. तो प्यायलेला होता, मधूनमधून झोकांड्या देत होता, हे मान्य केलं. पण तो आपल्या पायांनी चालत आला होता, बोलत होता, बसायची जागा त्याने स्वतः निवडली होती. गोळी घातल्यावर त्याने पळायचा प्रयत्न केला आणि पकडल्यावर माफी मागितली. म्हणजे काय घडलं ते त्याला कळत होतं. खुनाचा ठपका कायम राहिला. खालच्या न्यायालयाने दारू आणि पूर्वनियोजनाचा अभाव लक्षात घेऊन फाशीऐवजी जन्मठेप दिली होती, तेवढीच काय ती सूट.

हे तत्त्व आज भारतीय न्याय संहितेच्या २३ आणि २४ व्या कलमांत आहे. कुणी फसवून किंवा जबरदस्तीने पाजली असेल तर गोष्ट वेगळी. स्वतः होऊन प्यायलेल्या माणसाला मात्र शुद्धीतल्या माणसाइतकीच जाण होती, असं कायदा धरतो. ‘दारूच्या नशेत झालं’ हे वाक्य घरी दिलासा देईल, न्यायालयात ते ढाल होत नाही.

लग्नाचाच आणखी एक धोका हवेत झाडलेल्या गोळीचा. ती वर जाते तशी खाली येते आणि खाली येताना माणूस मारण्याइतका वेग तिच्यात उरलेला असू शकतो. २०१९ च्या दुरुस्तीने अशा ‘आनंदाच्या’ गोळीबाराला स्वतंत्र गुन्हा केलं. त्यात निष्काळजी गोळीबारही येतो आणि शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. कुणी जखमी झालं नाही तरी हे लागू होतं, जीव धोक्यात आला एवढं पुरे.

जेसिका लाल प्रकरण अनेकांना आठवत असेल. एप्रिल १९९९, दिल्लीतली एक पार्टी. बार बंद झाला आहे, दारू मिळणार नाही, असं सांगणाऱ्या तरुणीला गोळी घालण्यात आली. आरोपीची जन्मठेप २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम केली. श्रीमंतांची पार्टी आणि गावातली पंगत यांत मला फार फरक दिसत नाही. दोन्हीकडे एक ‘नाही’ होता आणि हाताशी पिस्तूल होतं.

६. ठासणीची रात्र

पिस्तुलाबद्दल लिहिलेलं बरंचसं बारा बोरलाही लागू पडतं, कारण दोन्ही क्षणात रिकामी करता येतात. ठासणीच्या बंदुकीचं तसं नाही. नळीत बंदुकीची दारू भरायची, कापड किंवा कागद ठासायचा, वरून छर्रे, पुन्हा ठासायचं. एकदा भरली की ती सोपेपणाने रिकामी होत नाही. बार काढणं हाच लोकांना माहीत असलेला मार्ग. म्हणून संध्याकाळी भरलेली बंदूक सकाळपर्यंत भरलेलीच मचाणाला टेकून उभी राहते. शेकोटी जवळ असते, गप्पा चालू असतात, बाटली फिरते. झोप लागते, बंदूक घसरते. ही बंदूक ज्याच्याजवळ आहे त्याने ‘मी प्यायच्या आधी रिकामी करेन’ असंही म्हणू नये, कारण तेच जमत नाही.

अंधारात आणखी एक गोष्ट घडते. पिकातली सळसळ ऐकू येते, जनावर दिसत नाही. शेजारच्या धुऱ्यावर दुसरा जागल्या असतो, तो उठून पाणी पाहायला किंवा लघवीला जातो. २०२५ च्या सुरुवातीला पालघर जिल्ह्यात मनोरजवळच्या बोरशेतीच्या जंगलात रानडुकराच्या शिकारीला गेलेल्या गावकऱ्यांच्या गोळीने त्यांचाच सोबती गेला. डुक्कर समजून बार काढला होता. डोळे उघडे, कान तयार, अनेक जण सोबत, तरीही. त्यात दारूने आकसलेली नजर मिसळली तर काय होईल, याची कल्पना करायला फार हुशारी लागत नाही.

रोही आणि रानडुक्कर मारायला वन विभागाची परवानगी लागते, हेही जागलीत विसरलं जातं. बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. पीक वाचवायचं असेल तर आवाज, उजेड, कुंपण आणि शेजाऱ्याशी आधीच ठरवलेली खूण हीच रात्रीची खरी हत्यारं आहेत. ज्या रात्री बंदूक शेतात न्यायची त्या रात्री बाटली घरी राहू द्या. बाटली शेतात गेली तर बंदूक घरात कुलपात हवी.

शुद्धीतही अपघात होतात. १ ऑक्टोबर २०२४ ला पहाटे मुंबईत अभिनेता गोविंदा प्रवासाला निघण्याच्या गडबडीत असताना त्याच्या परवान्याच्या रिव्हॉल्वरमधून सुटलेली गोळी त्याच्याच पायाला लागली. तिथे दारूचा विषय कुठेच नव्हता. शस्त्र एवढ्याशा घाईलाही क्षमा करत नाही.

७. घरून निघताना

आता व्यवहाराचं. लग्न आहे, पोळ्याची कर आहे, मित्राकडे बैठक आहे. पिण्याची शक्यता आहे. अशा दिवशी शस्त्र घरून निघतच नाही, एवढा एक नियम पाळला तर बाकीचे बरेच नियम लागत नाहीत.

लोक मधला मार्ग शोधतात, म्हणून तो का नाही ते सांगतो. पिस्तूल घेऊन ढाब्यावर पोहोचलात आणि मग प्यायचं ठरलं. शस्त्र कुठे ठेवाल? मित्राकडे देता येत नाही. त्याच्याकडे परवाना नसेल तर ते हातात घेताच तो बेकायदा शस्त्र बाळगणारा ठरतो आणि ते देणारे तुम्ही असता. हॉटेलच्या काउंटरवर ठेवता येत नाही, त्याच कारणाने. ड्रायव्हरकडेही नाही. गाडीच्या डिकीत ठेवलं तर ते तुमच्या नियंत्रणात नाही, आणि गाडी किंवा शस्त्र चोरीला गेलं तर पोलिसांना कळवताना तुम्ही तिथे काय करत होता हेही सांगावं लागेल. घराबाहेर पडल्यावर परवान्याच्या शस्त्राला आपल्या कंबरेशिवाय दुसरी कायदेशीर जागा जवळजवळ नसते. म्हणून निवड उंबरठ्यावरच करायची: आज शस्त्र, की आज दारू. रोकड न्यायची असेल आणि शस्त्र लागणारच असेल, तर त्या दिवशी सोडा प्या आणि कुणाला कारण सांगायचीही गरज नाही.

घरी पीत असलात तरी बसण्याआधी शस्त्र रिकामं करून कुलपात, काडतुसं वेगळ्या कपाटात, वेगळ्या कुलपात. बाटली उघडल्यावर शस्त्र साफ करायला काढायचं नाही, पाहुण्याला दाखवायचं नाही. पाहुण्याला दाखवण्याचा हट्ट दुसऱ्या पेगनंतरच का होतो, याचं उत्तर चौथ्या भागात आलं आहे.

मग पुन्हा हात केव्हा लावायचा? भारतीय वैमानिकांना उड्डाणाआधी बारा तास दारू वर्ज्य आहे. मी हाच आकडा घ्यायला सांगेन, पण किमान म्हणून. क्वार्टरच्या हिशेबात सरासरी माणूस बारा तासांत साफ होतो, मंद यकृताचा होत नाही. क्वार्टरहून जास्त घेतली असेल तर पूर्ण दिवस आणि पूर्ण रात्र जाऊ द्या.

बंदुकांसाठी प्रसिद्ध असलेल्या अमेरिकेतही काही राज्यांत या बाबतीत कायदे सैल नाहीत. मिशिगन राज्यात झाकून पिस्तूल नेण्याचा परवाना असलेल्याला १०० मिलिलिटरमागे २० मिलिग्रॅम ही मर्यादा आहे, म्हणजे आपल्या गाडीच्या मर्यादेपेक्षाही कमी. ॲरिझोनाने २००९ मध्ये परवानाधारकांना दारू मिळणाऱ्या हॉटेलात शस्त्र नेऊ दिलं, पण त्यांनी स्वतः प्यायची नाही या अटीवर. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समध्ये नशेत शस्त्र हाताळणं हाच गुन्हा आहे, गोळी सुटो वा न सुटो. आपल्याकडे परवान्याच्या अटींत असं एक स्पष्ट वाक्य यायला हवं, असं माझं मत आहे. ते येईपर्यंत आपलं आपण पाळायला कुणाची मनाई नाही.

८. घरातल्यांसाठी

शेवटचा भाग परवानाधारकासाठी नाही, त्याच्या बायकोसाठी, भावासाठी, मोठ्या झालेल्या मुलासाठी आहे. बाटली रोजची झाली आहे हे पहिल्यांदा त्यांना कळतं. आणि बोलायला सर्वांत अवघड त्यांनाच जातं, कारण बंदूक म्हणजे घराण्याची इज्जत, परवाना मोठ्या खटपटीने मिळालेला, आणि तक्रार केली तर तो कायमचा जाईल ही भीती.

पश्चिम विदर्भात कर्जाने आणि नापिकीने खचलेली माणसं किती गेली, हे इथल्या वाचकाला सांगायला नको. खचलेल्या मनाला दारू मोकळं करत नाही, आणखी खाली नेते. जीव देण्याची लाट पुष्कळदा थोड्या वेळाची असते. ती ओसरेपर्यंत हाताशी साधन नसेल तर माणूस वाचतो आणि बहुतेकदा पुढेही जगतो. घरात माणूस गप्प झाला असेल, पीत असेल आणि शस्त्रही असेल, तर त्याची समजूत काढण्याआधी शस्त्र घराबाहेर गेलं पाहिजे. टेलिमानस ही सरकारी मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते, मराठीतही बोलता येतं. फोन घरच्यांनी केला तरी चालतो. दारू सोडवण्यासाठी अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या बैठका आहेत, जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय असते, आणि १९८६ पासून चालणारं पुण्याचं मुक्तांगण आहे.

शस्त्र बाहेर ठेवण्याची वाट वऱ्हाडात नवी नाही. निवडणूक लागली की छाननी समिती ठरवेल त्या परवानाधारकांची शस्त्रं पोलीस ठाण्यात जमा होतात आणि निकालानंतर परत मिळतात. कुणाचा परवाना त्याने जात नाही. तसंच आजारपणात, उपचाराच्या काळात किंवा घरात ताण असताना परवानाधारकाला स्वतः अर्ज करून शस्त्र पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत शस्त्रविक्रेत्याकडे सुरक्षित ठेवायला देता येतं. सोबत मूळ परवाना न्यावा, शस्त्राचा क्रमांक आणि काडतुसांची संख्या लिहिलेली पावती घ्यावी, आणि तिची एक प्रत घरच्यांकडे ठेवावी. तो स्वतः जायला तयार नसेल तर घरच्यांनी ठाणेदाराला लेखी कळवावं. शस्त्र परत मागण्याचा अर्ज उपचार पूर्ण झाल्यावर, डॉक्टरांशी बोलून करता येतो.